नॅनो-चांदीच्या थराआधी दोन अहवाल मागा

संपादक महोदय,

‘नॅनो सिल्व्हर कोटिंग, 99.9 टक्के जंतुनाश’ असे लिहिलेला, म्हणजे चांदीच्या अतिसूक्ष्म कणांचा थर दिलेला क्रेट, अस्तर किंवा टाकी घेण्याआधी सांगली जिल्ह्यातील पॅकहाऊस आणि दूध संकलन केंद्रांनी विक्रेत्याला विचारावे, हा आकडा कोणत्या परिस्थितीत आला?

बहुधा तो आयएसओ 22196 या आंतरराष्ट्रीय मानकाच्या चाचणीतला असतो. तीत 5 सेंटीमीटर बाजूच्या चौकोनी तुकड्यावर जंतूंचे द्रावण टाकून वरून फिल्म झाकतात आणि 35 अंश सेल्सिअसला, 90 टक्क्यांहून अधिक आर्द्रतेत 24 तास ठेवतात. चांदीचे आयन (विद्युतभारित कण) ओलीतूनच जंतूपर्यंत पोचतात. शीतगृहात शून्य अंशाच्या आसपास, कोरड्या अस्तरावर तेवढेच काम होईल असे धरू नये.

शिवाय थर जिथे टेकतो तिथेच उपयोगी. द्राक्षाचा घड अस्तराला मोजक्याच ठिकाणी टेकतो आणि करडी बुरशी घडाच्या पोटात, देठाच्या जखमेवरही धरते. द्राक्षाच्या पेटीत ठेवायच्या ग्रेपगार्ड पॅडमधल्या सोडियम मेटाबायसल्फाइटपासून ओलाव्याने सल्फर डायऑक्साइड सुटतो. तो वायू असल्यामुळे मण्यांच्या फटीत शिरतो. नॅनो अस्तर आहे म्हणून पॅड काढला, तर वाटेतच माल सडू शकतो. चांदीऐवजी टायटॅनियम डायऑक्साइड वापरलेल्या थराला तर अतिनील प्रकाश लागतो, बंद पेटीत तो मिळत नाही.

दुधाचे दुखणे याहून मोठे. दुधातली प्रथिने आणि क्लोराइड चांदीचे आयन बांधून टाकतात, वर स्निग्धांशाचा पापुद्रा बसतो. त्यामुळे धुणे टळत नाही. स्टीलच्या टाकीला आधी कोमट पाणी, मग 70 ते 75 अंशाला 1 ते 1.5 टक्के कॉस्टिक सोडा, पुन्हा पाणी, 0.5 ते 1 टक्का नायट्रिक आम्ल आणि शेवटी पाणी, हा क्रम चुकवता येत नाही. पण नायट्रिक आम्लात चांदी विरघळते, काही थरांतले झिंक ऑक्साइड तर कॉस्टिकमध्येही. म्हणजे टाकी स्वच्छ ठेवायची तर थर झिजणार, आणि सुटलेली चांदी सांडपाण्यात जाणार. ते पाणी शुद्ध करण्याचे कामही जंतूच करतात, हे विसरू नये.

विक्रेते ‘मायग्रेशन टेस्ट पास’चा, म्हणजे वेष्टनातून अन्नात उतरणाऱ्या पदार्थांच्या (स्थलांतराच्या) चाचणीचा कागद दाखवतात. देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 2018 च्या पॅकेजिंग नियमांत एकूण स्थलांतराची मर्यादा चौरस डेसिमीटरला 10 मिलिग्रॅम आहे. तेवढी चांदी म्हणजे सुमारे 95 नॅनोमीटर जाडीचा अखंड पत्रा! विखुरलेल्या कणांच्या थरात चांदी सहसा याहून फार कमी असते. ती सगळी अन्नात उतरली तरी केवळ तिच्यामुळे या चाचणीत माल नापास होणार नाही.

म्हणून दोन अहवाल मागावेत. पहिला, आपल्याच धुण्याच्या पद्धतीने किमान 50 वेळा धुतलेल्या आणि दूध माखलेल्या तुकड्यावर, आपल्या साठवणुकीच्या तापमानाला केलेली जंतुचाचणी. दुसरा, 3 टक्के ॲसिटिक आम्लात (चाचणीत आंबट अन्नाच्या जागी वापरतात ते) 40 अंशाला 10 दिवस ठेवल्यावर सुटलेल्या चांदीचे वेगळे मोजमाप. अन्न व औषध प्रशासनाने तपासणीच्या वेळी हेच कागद पाहावेत, ही विनंती.

युरोपला द्राक्षे पाठवणाऱ्यांनी आणखी एक पाहावे. युरोपीय संघाच्या 10/2011 नियमानुसार अन्नाला लागणाऱ्या प्लास्टिकमध्ये नॅनो रूपातला पदार्थ स्पष्ट नावानिशी मंजूर असावा लागतो. अस्तराची ऑर्डर देण्याआधीच तशी मंजुरी पुरवठादाराकडून लेखी घ्यावी.

– अन्नप्रक्रिया क्षेत्रातील एक वाचक, तासगाव (जि. सांगली)