बॉस्फरसवरून बाबांना पत्र

बाबा, तुम्ही फोनवर विचारलंत की इस्तंबूलला समुद्र नक्की कुठल्या बाजूला, ते फोनवर सांगणं जमेना म्हणून लिहितोय. उत्तरेला काळा समुद्र, दक्षिणेला मार्मारा, आणि दोघांना जोडणारी बॉस्फरसची सामुद्रधुनी शहराच्या मधोमध, म्हणजे अर्धं शहर युरोपात अर्धं आशियात. लांबी साधारण ३१ किमी, रुमेली हिसार किल्ल्यापाशी तर रुंदी जेमतेम ७०० मीटर! तिथे फेरीबोटीत उभं राहिलं आणि शेजारून तेलाचं जहाज गेलं की समोरचा किनाराच दिसेनासा होतो, आणि एवढ्या धुडाला पुढे कांदिल्ली नावाच्या भागापाशी वळायचं असतं, तेही जोरदार प्रवाहात.

प्रवाहाचं तर मला वेडच लागलंय. डॅन्यूब, नीपर अशा मोठ्या नद्या काळ्या समुद्रात येतात, त्यामुळे तिथलं पाणी कमी खारट आणि हलकं, ते वरून दक्षिणेकडे वाहतं. मार्माराचं पाणी जास्त खारट, जड, ते तळातून उलटं उत्तरेकडे जातं. एकाच जागी दोन प्रवाह, एकावर एक! इथल्या कोळ्यांना हे आधीपासून माहीत होतं. १६७९ च्या सुमारास मार्सिली नावाचा इटालियन इथे आला, त्याने दोरीला बुचाचे पांढरे तुकडे बांधून ती पाण्यात सोडली, वरचे तुकडे एकीकडे गेले आणि खोलवरचे हळूहळू उलट्या दिशेला. केवढी साधी युक्ती, मला फार आवडली.

आणि देशांचं म्हणाल तर रोमानिया, बल्गेरिया, युक्रेन, जॉर्जिया, यांच्या बंदरातून निघालेलं मोठं जहाज भर समुद्रात जायचं तर इथूनच, मग मार्मारा, मग दार्दानेल्सची सामुद्रधुनी, तेव्हा कुठे एजियन समुद्र. धान्य, तेल सगळं याच वाटेने. १९३६ च्या माँत्रो कराराने शांततेच्या काळात व्यापारी जहाजांना वाट मोकळी आहे, युद्धनौकांवर मात्र बंधनं, आणि २०२२ मध्ये युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर तुर्कीने त्याच कराराचा आधार घेऊन लढणाऱ्या देशांच्या युद्धनौकांना वाट बंद केली. इतक्या जुन्या कागदाला अजून एवढी किंमत आहे हे मला खरंच मोठं वाटतं.

आईला घेऊन शरद ऋतूत या, तेव्हा लुफेर मासे काळ्या समुद्रातून खाली मार्माराकडे उतरतात आणि गलाता पुलावर गळवाल्यांची नुसती रांग असते. व्हिसाचं मी बघतो, तुम्ही दोघांचे पासपोर्ट तेवढे काढून ठेवा.