सुसंगतीच्या रकान्यात 'नाही' लिहिल्याबद्दल

मा. शालेय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

सविनय नमस्कार.

गेल्या गुरुवारी तालुक्याच्या कार्यालयातून मला कारणे दाखवा नोटीस मिळाली. तिसरीचे गणिताचे पुस्तक अध्ययन निष्पत्तींशी, म्हणजे त्या इयत्तेच्या मुलाला काय यायला हवे याच्या यादीशी, किती सुसंगत आहे, याचा तक्ता आम्हा शिक्षकांकडून भरून मागवला होता आणि त्यात मी सात ठिकाणी 'नाही' असे लिहिले, हा माझा गुन्हा. एकोणीस वर्षांच्या सेवेत माझ्याविरुद्ध पहिल्यांदाच कागद निघाला, तोही विचारलेल्या प्रश्नाचे खरे उत्तर दिल्याबद्दल.

महोदय, मुळात पुस्तक पडताळायचे तरी कशाशी? एनसीईआरटी या केंद्राच्या शैक्षणिक संस्थेच्या २०१७ च्या निष्पत्तींनुसार तिसरीच्या मुलाने ९९९ पर्यंतच्या संख्या वाचाव्यात, लिहाव्यात आणि २, ३, ४, ५ व १० चे पाढे तयार करून रोजच्या व्यवहारात वापरावेत. जुलै २०२१ मध्ये आलेल्या निपुण भारत या केंद्राच्या पायाभूत वाचन-गणित अभियानाचे तिसरीचे लक्ष्य मात्र ९९९९ पर्यंत जाते. ९९९ तेथे दुसरीतच संपते. हे दोन्ही तक्ते माझ्या वर्गात एकाच भिंतीवर शेजारी शेजारी लावलेले आहेत, आणि पुस्तक एकाशी जुळवावे तर दुसऱ्याशी बिनसते. तरीही उत्तराचे पर्याय दोनच, 'होय' किंवा 'नाही'. 'अंशतः' लिहायची सोय नाही, कदाचित अंशतः काही असू शकते हे कार्यालयाला मान्यच नसावे.

बरे, जुळणे म्हणजे काय? पुस्तकात गुणाकाराचा पाठ आहे म्हणून गुणाकाराची निष्पत्ती जुळली, असे धरायचे असेल, तर अनुक्रमणिका समोर ठेवून ते काम कोणीही दहा मिनिटांत उरकले असते. निष्पत्तीत 'वापर करतो' असे म्हटले आहे. पाठातली उदाहरणे मुलांकडून नुसती आकडेमोड करून घेत असतील, तर शीर्षक जुळले, गणित जुळले नाही. एकेक उदाहरण असे तपासायला मला चार रात्री लागल्या, कारण दिवसा आम्ही दोघे शिक्षक पाच वर्ग सांभाळतो. शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमात जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढ्याच अशैक्षणिक कामांची मुभा आहे. रात्री अकराला 'लिंक तातडीने भरा' असा संदेश त्यांपैकी कशात बसतो, हे आपणच सांगावे.

२०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' आले, तेव्हा विधानसभेपर्यंत गदारोळ झाला. ९९९ आणि ९९९९ यांच्या भांडणाबद्दल तेथे कोणी चकार शब्द काढल्याचे मला आठवत नाही. उलट डिसेंबर २०२४ च्या पारख या विद्यार्थ्यांच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात देशभरातील तिसरीच्या अवघ्या ५५ टक्के मुलांना ९९ पर्यंतच्या संख्या चढत्या-उतरत्या क्रमाने लावता आल्या, तेव्हा जाब आम्हालाच विचारला गेला. लक्ष्य ठरवताना आम्हाला कोणी विचारत नाही, पुस्तक लिहिताना विचारत नाही. आणि विचारले, तर उत्तर आधीच ठरलेले असते.

माझी विनंती एवढीच, की तिसरीसाठी ९९९ की ९९९९ हे आधी लेखी कळवावे, आणि तक्त्यात 'का' हा एक रकाना वाढवावा.

नोटिशीने तीन दिवसांत खुलासा मागितला आहे. हे पत्रच माझा खुलासा समजावे. 'नाही' मी मागे घेत नाही.

आपली विश्वासू,
जिल्हा परिषदेच्या एका द्विशिक्षकी शाळेतील उपशिक्षिका