मापाची टेप माझ्या हातात दिलीत, त्याबद्दल

मॅडम,

समोर आलो की माझ्या तोंडून 'बरं आहे आता' यापलीकडे शब्द फुटत नाही, म्हणून लिहून टाकतोय. चारचौघांनी वाचलं तरी हरकत नाही.

तीस वर्षं इचलकरंजीत पँटी शिवतोय, आणि त्यातली शेवटची बारा वर्षं दर दिवाळीला स्वतःच्या पँटी उसवतोय. मार्जिन संपलं, मग पट्ट्या जोडल्या. गुडघा बोलायला लागला तेव्हा व्यायाम शिकायला तुमच्याकडे आलो, 104 किलोंचा.

त्याआधी काय काय झालं ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. एका दवाखान्यात वजनकाटा पेशंटांच्या बाकड्यांसमोरच ठेवलेला. कंपाउंडर आकडा ओरडून सांगायचा आणि डॉक्टर मान वर न करता म्हणायचे, "तोंड बंद ठेवा." पुढे एका जिमवाल्या पोरानं भर मे महिन्यात प्लॅस्टिकचं जॅकेट घालून पळवलं. "चरबी वितळतीय बघा काका!" संध्याकाळी दीड किलो कमी, सकाळी पाणी प्यायलो की हजर. चरबी घामातून जातच नाही, बहुतेक श्वासातून जाते, हे पहिल्यांदा तुमच्याकडून कळलं. 10 किलो चरबी जळाली तर 8.4 किलो कार्बन डायऑक्साइड होऊन उडते आणि उरलेल्याचं पाणी होतं. म्हणजे फी भरून मी नुसता भिजत होतो.

तुमच्याकडेही काटा होता, पण पहिल्या दिवशी तुम्ही त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "पोटाचा घेर घेऊ" म्हणालात, खणातून टेप काढलीत, क्षणभर थांबलात आणि ती माझ्याच हातात दिलीत. "काका, हे तुमचं काम. माझ्या हातून चुकायचं." मग खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिलात. मी शर्ट वर केला, टेप लावली, शर्ट खाली केला, तरी वळला नाहीत. 46 इंच. हळूच बोललो, तुम्ही तसंच हळूच लिहून घेतलंत.

बास, एवढंच. गुडघ्याचे व्यायाम कुणीही शिकवले असते.

आणि खोटी आशा दाखवली नाहीत. "नुसतं चालून वजन फारसं उतरायचं नाही" असं तोंडावर सांगणाऱ्या तुम्ही पहिल्याच. पाऊण तास चाललो तरी एक वडापाव पुरता जळत नाही म्हणालात. वर शरीर हुशार, इकडे खर्च झाला की तिकडे काटकसर करतं, भूकही वाढवतं. अमेरिकेतल्या टीव्हीवरच्या एका वजन घटवायच्या स्पर्धेतले 14 जण 6 वर्षांनी तपासले, तर नुसतं पडून असताना त्यांचं शरीर अपेक्षेपेक्षा रोज सुमारे 500 कॅलरी कमी जाळत होतं. त्यातही ज्यांचं उतरलेलं वजन टिकलं, त्यांनी हालचाल जास्त वाढवली होती. वजन उतरतं ताटातून, टिकतं पायांवर, असं मी आपलं लक्षात ठेवलं.

मग चालायचं कशाला, असं मी विचारलं होतं. तुम्ही माझ्या मांडीवर बोट ठेवलंत. हा स्नायू कामाला लागला की इन्शुलिनची वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतो. पोटाच्या आतली, यकृतातली चरबी काटा हलला नाही तरी कमी होऊ शकते. तेव्हापासून जेवलो की गल्लीत पंधरा मिनिटं फेऱ्या मारतो, आणि दुकानात कटिंगच्या टेबलाला धरून रोज खुर्चीवरून तीस वेळा ऊठबस. कारागीर हसतात. हसू देत.

पाच महिन्यांनी 99 किलो. जिमवाला म्हणेल, एवढंच? पण टेप साडेबेचाळीसवर आली आणि तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) 7.6 वरून 6.7 वर. आपल्याकडच्या पुरुषांना 90 सेंटीमीटर, म्हणजे साडेपस्तीस इंच, ही पोटाच्या घेराची हद्द. अजून बराच पल्ला आहे, माहीत आहे.

एक गोष्ट मात्र टोचते. त्या कंपाउंडरला शिव्या घालता घालता लक्षात आलं की मीही तेच करत आलोय. माप घेताना "कंबर 44!" अशी आरोळी ठोकायची, पोऱ्या वहीत लिहायचा, आणि बाकावर बसलेली तीन गिऱ्हाइकं ऐकायची. तीस वर्षं! एखादा अंग चोरून उभा राहायचा, मी म्हणायचो, "श्वास सोडा की साहेब." आता वही माझ्याजवळच असते. माप घेतो, मीच लिहितो. पोऱ्याला वाटतं, मालकांचा त्याच्यावरचा विश्वास उडाला.

तुमच्या पांढऱ्या ॲप्रनचा डावा खिसा उसवलाय, परवाच दिसलं. नवा शिवायला घेतोय. माप चिठ्ठीवर लिहून पाठवा, तेवढंच.

तुमचा,
गुडघेवाला शिंपीकाका