फवारणी आमच्या भिंतींवर, तर औषधाची परीक्षाही इथेच घ्या

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

स.न.वि.वि.

मी शहादा तालुक्यातला निवृत्त आरोग्य सेवक. गावोगावी आम्हाला ‘मलेरियावाले’ म्हणत. फवारणी झाली की भिंतीवर तारीख टाकायची. धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यांवर ती तारीख दिवाळीपर्यंत काही टिकायची नाही. कुडाचं घर सणाला शेणामातीने सारवलं, की औषध सारवणाच्या आत आणि डास बाहेर. त्यात बायांचा काय दोष? सणाला घर सारवणारच.

आता नव्या औषधांची नावं ऐकतो म्हणून लिहितोय. आजवर भिंतींवर मारलं ते डीडीटी, मॅलेथिऑन, मग पायरेथ्रॉइड. खेड्यात मलेरिया पसरवणारा मुख्य डास, अ‍ॅनॉफिलिस क्युलिसिफेसीस, देशात बऱ्याच ठिकाणी या तिन्हींना पुरून उरलाय. पुढचं नाव क्लोथियानिडीन. साहेब, हे आमच्या कपाशीवरच्या इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झामचं भावकीतलं! मावा-तुडतुड्यांवर आम्ही हेच पंपाने मारतो. पाऊस झाला की ते वाहून डबक्यात उतरतं आणि डासांच्या अळ्या तिथेच वाढतात. कॅमेरूनच्या शेतीपट्ट्यात अ‍ॅनॉफिलिस डास या कुळातल्या औषधांना दाद देईनासे झालेत. तापीकाठचे डास काय म्हणतात, हे खरेदीआधी विचारायला नको?

विचारायची रीत अवघड नाही. क्युलिसिफेसीसला गुरांचं रक्त जास्त आवडतं, म्हणून पहाटे गोठ्यात बॅटरी घेऊन तो नळीने ओढून धरायचा. कीटक समाहारकाचं हे कामच आहे. पद रिकामं असेल तर आधी ते भरा. पकडलेले डास औषधाच्या ठरलेल्या मात्रेत तासभर ठेवायचे आणि २४ तासांनी मोजायचे. शंभरात ९८ मेले तर औषध चालतं, नव्वदही मेले नाहीत तर डास सरावलेत. मच्छरदाणीतल्या क्लोरफेनापिरला मात्र हा हिशोब लावू नका. ते सावकाश मारतं, ७२ तास थांबावं लागतं. घाईत चांगलं औषध नापास व्हायचं.

पण प्रयोगशाळेतल्या निकालावर थांबू नका. सारवलेल्या कुडावर, विटेवर, सिमेंटवर, तिन्हींवर फवारून दर महिन्याला त्या भिंतींवर डास सोडून बघा. पाड्यावर जाण्याआधी पावरी, भिलीत नीट समजावा, होकार घ्या आणि निकालही त्यांना त्यांच्याच भाषेत सांगा. आमच्या वेळी आम्ही कधी सांगितला नाही, हे कबूल करतो.

गोठ्यात बॅटरी धरायला माणूस कमी पडला तर मी येईन. गुडघे कुरकुरतात, पण पहाटे उठायची सवय गेलेली नाही.

आपला,
एक निवृत्त मलेरियावाला