बेस्टचा खर्च पालिकेच्या मूळ बजेटमध्येच धरा

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार. मुंबईच्या ट्रान्सपोर्टवर रोज कायकाय छापून येतं, नवा पूल, नवी मेट्रो, नवा बोगदा. पण बस रोज चालवायला पैसा कुठून येतो, कोण देतो आणि किती वर्षांसाठी देतो यावर फारसं कुणी बोलत नाही, म्हणून हे पत्र.

९ मे २०२५ला बेस्ट बसचं कमीत कमी भाडं ५ चं १० झालं आणि एसीचं ६ चं १२. ज्याला जाता-येता एकेकच बस लागते त्याचे रोजचे १० चे २० झाले, पण धुणीभांडी करणाऱ्या बाया, सिक्युरिटीवाले, छोट्या वर्कशॉपमधली पोरं, यातल्या कित्येकांना दोन-दोन बस बदलाव्या लागतात, त्यांचा महिन्याचा हिशोब करून बघा. जुलै २०१९ला हेच भाडं ५ रुपयांवर आणलं होतं तेव्हा प्रवासी भराभर वाढले होते, म्हणजे स्वस्त बस दिली की लोक बसने जातात हे याच शहरात दिसलेलं आहे. मग भाडं का वाढवावं लागलं? तर तोटा.

आता हा तोटा आला कुठून ते बघू. आधी बेस्टच्या वीज विभागाचा बसला आधार होता, शहर भागातल्या वीजग्राहकांच्या बिलातून ट्रान्सपोर्टची तूट भरून निघायची. ती वसुली पुढे बंद झाली, पण तिच्या जागी पक्की सोय कुणीच केली नाही, तेव्हापासून बेस्ट दरवर्षी पालिकेच्या दारात उभी. २०१९च्या जानेवारीत कामगारांनी नऊ दिवस संप केला त्यातली एक मुख्य मागणी हीच होती की बेस्टचा वेगळा मांडला जाणारा 'क' अर्थसंकल्प पालिकेच्या मुख्य 'अ' अर्थसंकल्पात विलीन करा. त्याच वर्षी पालिकेने पैसे देताना करार झाला, स्वतःच्या ३,३३७ गाड्या कायम राखायच्या असं ठरलं. आज स्वमालकीच्या गाड्या काही शेकड्यांवर आल्यात, बाकी सगळ्या वेट लीजवर, म्हणजे गाडी कंत्राटदाराची, ड्रायव्हर कंत्राटदाराचा आणि बेस्ट किलोमीटरमागे पैसे मोजणार. त्यात मधल्या काळात काही कंत्राटदार परवडत नाही म्हणून सोडून गेले, आणि गाड्याच त्यांच्या असल्यामुळे त्या रस्त्यावरून एकदम गायब झाल्या!

पालिकेकडे पैसाच नाही असंही नाही. २०२५-२६चं बजेट ७४,४२७ कोटींचं, त्यात बेस्टला १,००० कोटी. शंभर रुपयातले एक रुपया चौतीस पैसे. कोस्टल रोडच्या साडेदहा किलोमीटरवर तेरा-चौदा हजार कोटी गेले आणि त्यावर टोल नाही. ऑक्टोबर २०२४ला मुंबईच्या पाचही एन्ट्री पॉइंटवर कारवाल्यांना टोल माफ झाला. कोस्टल रोड तोट्यात आहे असं मी कुठे वाचलेलं नाही, कारण रस्त्याला तोटा लावतच नाही, तो शहराचा खर्च धरतात. मग रोज लाखो माणसं वाहणाऱ्या बसलाच तोटा आणि अनुदान हे शब्द का? तिचाही खर्च शहराचाच धरा ना.

मेट्रो ३ चं घ्या. ३३.५ किलोमीटर, ३७,२७६ कोटी, ऑक्टोबर २०२५ला कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली, चांगलीच गोष्ट आहे आणि मला तिचा आनंदच आहे. पण स्टेशनातून वर आल्यावर पुढे न्यायला बस नसेल तर माणूस शेअर रिक्षा नाहीतर बाइककडेच वळणार. एवढा मोठा प्रकल्प मंजूर करताना त्याच्या फीडर बसचा पुढच्या दहा वर्षांचा चालवण्याचा खर्च त्याच एस्टिमेटमध्ये धरायला काय हरकत आहे? आपल्याकडे बांधायला कर्ज मिळतं, चालवायला मिळत नाही, खरी अडचण ही आहे. केंद्राच्या २०२३च्या पीएम ई-बस सेवा योजनेत किलोमीटरमागे मदत द्यायचं ठरलंय, तेही दहा वर्षांसाठी, पण ती योजना ३ ते ४० लाख लोकसंख्येच्या शहरांना, मुंबई त्यात बसतच नाही. म्हणजे आपल्याला आपलीच सोय करावी लागणार.

डेपोच्या जागा डेव्हलप करून पैसा उभा करायचं बोललं जातं त्याची मला मनापासून भीती वाटते. जागा एकदाच जाते, तूट दरवर्षी येते, आणि उद्या गाड्या वाढवायच्या म्हटल्या तर त्या उभ्या कुठे करणार, चार्ज कुठे करणार?

मार्च २०२२ला पालिकेवर प्रशासक आला तेव्हापासून भाडेवाढीपर्यंत नगरसेवक नव्हते, बेस्ट समितीही नव्हती, भाडेवाढीवर समितीत कुणी उभं राहून प्रश्न विचारलाच नाही. म्हणून मतं मागायला येणाऱ्या प्रत्येकाला वाचकांनी एवढंच विचारावं, 'क' बजेट 'अ' मध्ये कधी घेणार आणि किलोमीटरमागे किती रुपये, किती वर्षांसाठी लिहून देणार. आणि रस्त्यावरच्या पार्किंगमधून पालिकेला जे पैसे मिळतात ते थेट बसला जोडणार का, हेही विचारा.

आपला,
एक बसप्रवासी, घाटकोपर