कॅमेऱ्याआधी प्रकाश शिकवावा

महोदय,

छायाचित्रण शिकू पाहणारे अनेकजण कॅमेरा कायम ‘ऑटो’वरच (सर्व काही कॅमेऱ्यानेच ठरवण्यावर) ठेवतात, याची खंत वाटते. खिडकीशी बसून सुईत दोरा ओवणाऱ्या आजीचे छायाचित्र कॅमेऱ्याचा पडदा, म्हणजे शटर, १/१५ सेकंद उघडा ठेवून टिपले, तर तिची हलती बोटे पुसट येतात. शटरचा वेग १/१२५ केला की ती स्पष्ट उमटतात, पण प्रकाश एक अष्टमांशच उरतो आणि तो भरून काढण्यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) १०० वरून ८०० करावा लागतो, किंवा भिंगाचे छिद्र एफ/५.६ वरून एफ/२ पर्यंत (आकडा लहान, तितके छिद्र मोठे) उघडावे लागते. एफ/२ला मात्र स्पष्ट दिसणारे अंतर फारच कमी होते, त्यामुळे जवळून टिपताना डोळे रेखीव आणि कान धूसर, असेही घडते. ही देवाणघेवाण, माझ्या मते, छायाचित्रणाच्या वर्गांनी पहिल्याच दिवशी विद्यार्थ्यांकडून प्रत्यक्ष करून घ्यावी; संगणकावर छायाचित्र सुधारणे नंतर शिकवता येईल.

– एक वाचक