ट्रॅक मिळाले, पण तबला घेऊन ये

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

पोरांच्या पुरावरच्या नाटकासाठी तू कॉम्प्युटरवर केलेले चारही ट्रॅक मिळाले. रात्री जेवणं उरकल्यावर बाबांना आणि आजीला ऐकवले. पुराच्या गाण्यातली बासरी आजीनं पुन्हा लावायला सांगितली. सबमिशनच्या धामधुमीत जागरणं करून तू हे केलंस, याचं मला फार कौतुक वाटतं. तरीही नाटकातली गाणी पेटी-तबल्यावरच होतील. फोनवर तू कारण विचारलंस, तेवढ्यात पोरं तालमीला येऊन दाखल झाली, म्हणून आता सविस्तर लिहिते.

यंदा पोरं आपल्या कोल्हापुरातल्या जुन्या बुधवार पेठेतली आहेत, शुक्रवार पेठेतली आहेत, शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतलीही आहेत. पूर त्यांना शिकवावा लागत नाही. मोठ्यांना 2019 आठवतो, धाकट्यांना 2021. दोन्ही वेळा पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली होती. समूहगीतात पोरं राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी म्हणत जातात. 39 फूट, इशारा. 43 फूट, धोका. पावसाळ्यात आपल्याकडं सकाळी चहाच्या आधी लोक हाच आकडा विचारतात. त्रेचाळीस म्हटल्यावर सगळी गप्प होतात आणि मग एकटी मुलगी 'आजी, ऊठ' म्हणून गायला लागते. तुझ्या ट्रॅकमध्ये त्या जागेला चार मात्रा आहेत. परवा तालमीला पालक येऊन बसले होते. त्रेचाळीसला अख्खी खोली चिडीचूप झाली आणि ती पोरगी किती तरी वेळ नुसती उभी राहिली. तिच्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, तिकडं ती बघत होती. तिनं तोंड उघडलं तेव्हाच काकांनी पेटीवर सूर धरला. त्या दिवशी ट्रॅक असता तर तो तिच्या पुढं निघून गेला असता आणि ती त्याच्यामागं धावली असती. तो क्षण मला कुठल्याही किमतीवर हवा आहे.

राधानगरीचं गाणं तर आणखी अवघड. धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे म्हणून सात चिल्लीपिल्ली उभी केली आहेत. पाणी भरलं की एकेकानं हात पसरून आपली ओळ म्हणायची आणि बाजूला सरकायचं. मी एक ते सात असा क्रम लावला होता, तर दुसरीतला एक पठ्ठ्या अडून बसला, 'काकी, पेपरात आधी सहा नंबर उघडलेला असतोय.' त्याचं म्हणणं खरं आहे, दरवाजे काही ओळीनं उघडत नाहीत. आता तोच सहा नंबर आहे आणि सगळ्यांच्या आधी उघडतो. फक्त कधी उघडेल ते सांगता येत नाही. ओळ आठवेपर्यंत तबलजी केरवा ताल धरून ठेवतो, दोन आवर्तनं, कधी चार. बघणाऱ्याला वाटतं, पाणी साठतंय. पोराला ओरडावं लागत नाही, विंगेतून ओळ सांगावी लागत नाही. एकदा त्याला कळलं की तबला आपल्यासाठी थांबतो, तेव्हापासून त्याची ओळ फारशी चुकत नाही.

आणि मुख्य गाणं म्हणणारा आपला नावाडी. दिवाळीत पेटीच्या काळी चारमध्ये, एवढ्या उंच पट्टीत खणखणीत गायचा. आता चौदावं लागलंय, आवाज फुटायला लागलाय. तुझाही याच वयात फुटला होता. या वयात मुलांचा कंठ वाढतो, स्वरतंतू लांब आणि जाड होतात आणि आवाज जवळजवळ एक सप्तक खाली येतो. मुलींचाही उतरतो, पण दोन-तीन सुरांनीच. खाली येताना तो एका सपाट रेषेत येत नाही. सोमवारी लागलेला पंचम बुधवारी फाटतो. दोघा-तिघांनी मला सुचवलं, नावाडी बदला, गोड गळ्याची मुलगी घ्या. मी बदलणार नाही. त्यानं पुरात खरोखर आजोबांबरोबर काहिलीतून, गुळाच्या मोठ्या कढईतून, माणसं काढलेली बघितली आहेत, ते गाणं त्याचंच आहे. काका त्याला आधी दोन ओळी गुणगुणायला लावतात, चेहरा बघतात आणि त्या दिवशीची पट्टी ठरवतात. गेल्या आठवड्यात पांढरी तीन होती, काल पांढरी दोनवर आले. अंतऱ्यातली वरची जागा मी काढून टाकली, चाल आता सहा सुरांत फिरते. जोर लावून गाऊ नको, फाटला तर तिथं बोल, असं त्याला सांगून ठेवलंय. पट्टी कॉम्प्युटरवर बदलता येते हे तू म्हणशील, ते मला ठाऊक आहे. पण प्रयोगाच्या दिवशी तिसरी घंटा झाल्यावर कोण बदलणार?

हे काही मी नव्यानं काढलेलं नाही. आपल्या गावाचं नाट्यगृह ज्यांच्या नावानं आहे ते केशवराव भोसले लहानपणापासूनच रंगभूमीवर गात होते आणि 1908 मध्ये, वयाची विशीही गाठली नव्हती तेव्हा, त्यांनी 'ललितकलादर्श' नाटक मंडळी काढली. 'मानापमान' या संगीत नाटकाच्या चाली देणारे गोविंदराव टेंबे आपल्याच कोल्हापूरचे, आणि स्वतः नाणावलेले पेटीवादक. गाणाऱ्याच्या श्वासाकडं लक्ष ठेवून वाजवायचं, ही या मातीतली विद्या आहे. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, ते नाट्यगृह जळालं तेव्हा तू पुण्याहून फोन करून किती वेळ नुसता गप्प होतास, ते मी विसरलेले नाही. राजर्षी शाहूंनी 1915 मध्ये उभी केलेली वास्तू होती ती. तिथं जे गायलं गेलं ते निदान या पोरांच्या कानावरून जावं, एवढा माझा हट्ट आहे.

प्रयोग मे महिन्यात शाहू स्मारकला आहे. तुझ्या पहिल्या ट्रॅकमधला पाऊस आणि मागून येणारा बेडकांचा आवाज मला हवाच आहे. पडदा उघडण्याआधी अंधारात तो वाजेल, गाणं सुरू झालं की हळूहळू बंद होईल. तेवढा तुकडा वेगळा काढून पाठव.

आणि परीक्षा संपली की थेट इकडं ये. आमच्या तबलजीकडं काळी चारचाच तबला आहे, तो पांढरी दोनपर्यंत उतरवला तर मेल्यासारखा वाजतो. तुझा रुंद तोंडाचा, काळी एकचा तबला घेऊन ये. पांढरी दोनला तो चढवून बसेल, आणि पोराचा आवाज आणखी उतरला तर सरळ काळी एकवर घेता येईल. हातोडी विसरू नकोस, इथली कुणीतरी नेली आहे. डग्गा इथं आहे, तो आणू नको. तालीम संध्याकाळी सहाला सुरू होते. नावाड्याच्या गाण्याला तू बसायचंस, आणि सहा नंबरच्या दरवाजालाही. त्याला तुझ्याविषयी सांगून ठेवलंय. 'दादा थांबतोय का पण?' असं त्यानं विचारलं आहे.

तुझी,
आई